उनाइसी मॅडमनी चटई चोरली

उनाइसी मॅडम समुपदेशक झाल्या त्या शिवणयंत्रं गंजली म्हणून. खाडीकाठच्या त्या बोर्डिंग शाळेत त्यांनी बावीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. मग एका वादळात वर्गाचं छप्पर उडालं, खाऱ्या पाण्यानं अकराच्या अकरा यंत्रं खाल्ली, आणि नवी यंत्रं यायच्या ऐवजी वरून पत्र आलं की दर शाळेत आता मुलांच्या मनाची काळजी घेणारा एक माणूस हवा. मुख्याध्यापक मुन्सामी सरांनी पत्र वाचलं, रिकाम्या बसलेल्या मॅडमकडे बघितलं आणि दोन्ही अडचणी एकाच दमात निकालात काढल्या.

राजधानीत, सुवाला, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे एका कोवळ्या पोरीनं त्यांना शिकवलं की मुलाच्या डोळ्यांत बघायचं, 'तुला आत काय वाटतंय' असं विचारायचं आणि एकट्या मुलाला एकटं सोडायचं नाही. मॅडमनी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. परत येऊन खोली झाडली, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि बसल्या. आता सांगा, फिजीत जन्माला आलेलं कुठलं पोर वडीलधाऱ्याच्या डोळ्याला डोळा लावेल? घरी असं केलं तर कानाखाली बसते. पोरं यायची, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत "सगळं ठीक आहे, मॅडम" म्हणायची आणि सुटल्यासारखी पळायची. दोन महिने हेच चाललं.

मॅडम हुशार होत्या असं नाही, पण त्यांना कान होते. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर बसल्या की त्यांना ऐकू यायचं, की हीच मुकी पोरं कुणाकुणाशी पोटभर बोलतात. आतेभाऊ मामेभावाशी बोलतो, कारण त्या नात्यात चेष्टेला मुभाच असते. आणि तौवू तौवूशी बोलतो. ज्या दोन गावांचं मूळ दैवत एक, त्यांची माणसं एकमेकांची तौवू. तौवूला तोंडावर चोर म्हणा, त्याच्या चुलीवरचं भांडं उचलून न्या, त्यानं ब्रसुद्धा काढायचा नाही. फक्त त्याची पाळी आली की तोही तुमचं भांडं नेणार. ज्याला शिव्या देता येतात त्याच्यापाशी रडताही येतं, ही गोष्ट काही प्रशिक्षणात सांगितली नव्हती.

मॅडमनी एक जाड वही केली. प्रत्येक मुलाचं नाव, पुढे दोन रकाने, बापाचं गाव आणि आईचं गाव. त्यावरून कोण कुणाशी मोकळं बोलू शकेल ते त्या शोधायच्या. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी एक मुलगी त्यांनी नारळ खवायला स्वयंपाकीणबाईंकडे धाडली, कारण बाई तिची तौवू निघाली. पहिल्या दिवशी बाईंनी तिच्या गावच्या आळशीपणावर तोंडसुख घेतलं, दुसऱ्या दिवशी पोरीनं परतफेड केली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मनातलं सगळं खवलेल्या नारळाबरोबर परातीत ओतलं. काय ओतलं ते मॅडमनी कधी विचारलं नाही.

"मॅडम, तुम्ही समुपदेशन करता की सोयरिकी जमवता?" मुन्सामी सर म्हणायचे.

"सर, कुणी कुणाशी बोलायचं एवढं जमलं की निम्मं दुखणं गेलं. उरलेल्या निम्म्याला तुमच्या गोळ्या आहेतच." सरांच्या टेबलाच्या खणात डोकेदुखीच्या गोळ्या असत आणि ते त्या सगळ्या दुखण्यांवर वाटत.

त्या वहीत फिलिमोनी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलापुढे एक रकाना रिकामा होता. तो पूर्वेकडच्या लाऊ बेटांवरून जानेवारीत आला होता. गणितात पहिला, चालायला हळू आणि बोलायला त्याहून हळू. बापाचं गाव त्यानं लिहिलं, आईच्या गावापाशी पेन थांबवून म्हणाला, "आई चार वर्षांपूर्वी गेली, मॅडम." मॅडमना वाईट वाटलं. गेलेल्या माणसाचं काय उकरायचं, म्हणून त्यांनी तो रकाना तसाच सोडला. तो चांगुलपणा पुढे भोवला.

शाळेच्या समोर, नदीच्या मुखापलीकडे नासोली गाव आहे. दर रविवारी उपासना झाली की लांबून आलेल्या मुलांना नासोलीच्या बायका जेवायला बोलावतात. पोरं शनिवारपासूनच पोट रिकामं ठेवतात. फिलिमोनी एकदाही गेला नव्हता. कधी पोट दुखायचं, कधी पाय. रविवारी सगळं वसतिगृह रिकामं व्हायचं आणि हा एकटाच पायरीवर बसून पलीकडच्या छपरांकडे बघत राहायचा. मॅडमना सुवाचा धडा आठवला. एकट्याला एकटं सोडायचं नाही. ऑगस्टातल्या एका रविवारी त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आज बहाणा चालणार नाही. चल माझ्याबरोबर." वडीलधाऱ्या बाईच्या हातातून हात कसा सोडवायचा? तो गेला.

जेवण वाटिसोनी नावाच्या गावकऱ्याकडे होतं. लांबलचक चटईवर दलोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेला पाला आणि भाजलेले मासे मांडले होते. वाटिसोनीची म्हातारी आई, सगळ्यांची केलेरा बुबू म्हणजे आजी, जेवण वाढत होती. फिलिमोनीपाशी आली आणि तिचा हात थांबला.

"कुणाचा रे तू?"

त्यानं मान खाली घालून लाऊमधल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. बुबूच्या हातातली पळी खाली आली. वरच्या अंगाला बसलेला वाटिसोनी ताट तसंच टाकून उठला आणि बाजूच्या दारानं निघून गेला. मग मुलगाही उठला, रीतीप्रमाणे वाकून सगळ्यांच्या मागून गेला आणि नदीच्या वाटेला लागला. मॅडमना वाटलं, खरंच पोट दुखत असेल बापड्याचं. त्यांनी त्याच्या वाटचा मासाही खाल्ला, खोटं कशाला बोला.

सोमवारी सकाळी मुन्सामी सरांनी त्यांच्यापुढे एक अर्ज ठेवला. 'घरी नारळाचं काम आहे, म्हणून शाळा सोडत आहे.' खाली फिलिमोनीची सही.

"सतरा वर्षांखालच्या मुलाला सोडायचं तर तुमची सही लागते," सर म्हणाले. "सत्र संपायला तीन आठवडे आहेत. तोवर मी थांबवून धरतो. सत्राच्या शेवटच्या शुक्रवारनंतर माझ्याही हातात काही नाही. आणि गृहपाल सांगतायत की कालपासून पोरानं चहाशिवाय काही घेतलं नाही. मॅडम, त्याच्याएवढं गणित या शाळेत कुणाला येत नाही. तो नारळ सोलायला गेला तर मला झोप लागायची नाही."

मॅडमनी खोलीतल्या खुर्च्या तशाच राहू दिल्या. त्या मागच्या ओट्यावर गेल्या, चटया विणायला वाळवलेली केवड्याची पानं पुढ्यात ओढली आणि फिलिमोनीला बोलावून घेतलं. दोघांची तोंडं समुद्राकडे. त्यांनी पानांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. तो शिंपलीनं पट्ट्या काढू लागला. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. अर्धा गठ्ठा संपला तेव्हा तो बोलला.

"मॅडम, तुम्ही मला माझ्या आईच्या गावात रिकाम्या हातानं नेलंत."

मॅडमच्या हातातलं पान तिथेच राहिलं. हा मुलगा नासोलीच्या पोरीचा. आणि त्याचं तोंड अजून दाखवलेलं नव्हतं. आजोळी मूल पहिल्यांदा जातं ते असं कुणाच्या मनगटाला लोंबकळत जात नाही. बापाची माणसं त्याला घेऊन येतात, चटया आणतात, देवमाशाचा दात पुढे ठेवतात, मुलाला सालीच्या कापडात गुंडाळून बसवतात आणि म्हणतात, हे बघा, तुमच्या लेकीचं तोंड आणलंय. ते झालं की भाचा त्या गावचा राजा. मामाचं डुक्कर उचलो की होडी, मामानं हूं की चूं करायचं नाही. पण ते होईपर्यंत त्या गावात पाऊल घालायचं नाही, तो आईचा अपमान.

फिलिमोनीनं सगळं सांगितलं, पानं चिरत, सावकाश. आई लोसालिनी, वाटिसोनीची बहीण, घरच्यांना न सांगता उराया नावाच्या खलाशाबरोबर निघून गेली. वर्षभरानं उराया माफी मागायला देवमाशाचा दात घेऊन आला, पण आजोबांनी तो हातात घेतला नाही. पायरीवरूनच परत पाठवलं. मग आजोबा गेले, मग आई गेली.

"आई म्हणायची, कधीतरी तुला नेतील. बुबू तुझा गाल हुंगेल. मला ही शाळा मिळाली तेव्हा मला वाटलं, जवळ तर आलो." तो थांबला. "तोंड एकदाच दाखवतात ना, मॅडम? ते मी आता दाखवून आलो. माशाच्या वासावर आलेल्या मांजरासारखा."

उनाइसी मॅडमनी आयुष्यात कुठल्या मुलाची माफी मागितली नव्हती. इथे कुणीच मागत नाही. पण त्यांनी पान खाली ठेवलं.

"चुकलं माझं, बाळा. रकाना रिकामा दिसला होता मला. विचारायचं मलाच जड गेलं, आणि मी त्याला तुझ्यावरची दया असं नाव दिलं."

त्यानं पुढचं पान उचललं. पट्ट्या आता सरळ निघू लागल्या.

"सही मी त्या शुक्रवारी करीन, त्याआधी नाही. तोवर जेव."

"भूक नाही."

"मग पानं चीर. माझ्याकडे पानांना तोटा नाही."

मंगळवारी दुपारी मॅडम नदी ओलांडून नासोलीत गेल्या. त्यांना रात्रभर झोप नव्हती आणि पहाटे एक गोष्ट लख्ख आठवली होती. त्यांचं स्वतःचं माहेर वुनिमोली, आणि वुनिमोली आणि नासोली पिढ्यानपिढ्याची तौवू. दुसरं कुणी वाटिसोनीच्या दारात जाऊन जे बोलू शकलं नसतं, ते बोलायचा हक्क त्यांना जन्मानं मिळालेला होता.

वाटिसोनी चार माणसांबरोबर यांगोना या मुळाच्या पेयाच्या लाकडी परातीभोवती बसला होता. पाहुण्यानं यांगोनाचं मूळ घेऊन यायची रीत आहे. मॅडम हात हलवत आल्या आणि थेट वरच्या अंगाला जाऊन बसल्या.

"नासोलीत अजून माणसं आणि डुकरं एकाच घरात राहतात वाटतं."

"आली," वाटिसोनी म्हणाला, "वुनिमोलीची चोरटी आली. भांडी झाका रे."

"भांडी कशाला झाकता? तुम्ही तर आख्खा भाचा झाकून ठेवलाय."

हसणारी तोंडं मिटली. कोपऱ्यात बसलेल्या बुबूनं पंखा हलवायचं थांबवलं.

"तौवू असलीस तरी बोलायला मर्यादा असते," वाटिसोनी हळू म्हणाला.

"कुठे असते? दाखव मला. तुझं पोर तुझ्या दारातून उपाशी उठलं, ते अजून उपाशीच आहे. त्याला आणलं ती चूक माझी, ती मी त्याच्यापुढे कबूल केली. आता तुझी तू बघ. त्याला ताटावरून का उठवलंस?"

"मी नाही उठवलं. मी उठून गेलो."

"का?"

वाटिसोनी परातीत बघत राहिला. मोठा धिप्पाड माणूस, बोटीचं इंजिन एकटा उचलतो. "लोसालिनीच समोर येऊन बसली होती," तो म्हणाला. "तेच कपाळ. तीच खाली घातलेली मान. मला घास जाईना."

मॅडमचा आवाज जरा उतरला. "मग बोलावून घे की त्यांना."

"मी कसा बोलावू? माझ्या बापानं दात परत केला. मी निरोप धाडला तर बापाचा शब्द पडला. त्यांनी यायला हवं."

"ते एकदा येऊन हात हलवत परत गेलेत. पुन्हा आले तर त्यांचं नाक कापलं जातं. म्हणजे तू इथे अडून बस, तो तिथे अडून बसेल, आणि पोरगं मधल्यामध्ये वाळू दे. वा रे मामा."

बुबू वर, आढ्याकडे बघत होती. तिथे धुरानं पिवळी झालेली एक गुंडाळलेली चटई होती, काठाला लाल लोकरीची झालर. मॅडम स्वतः विणणाऱ्या, त्यांना एका नजरेत कळलं की असली बारीक वीण रोजच्या वापरासाठी कुणी घालत नाही.

"बुबू, ती कुणाची?"

"लोसालिनीच्या लग्नासाठी विणली होती," म्हातारी म्हणाली. "झालर लावून झाली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली."

मॅडम उठल्या. चौपन्न वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, तरी पेटीवर चढल्या आणि चटई खाली ओढली. अठरा वर्षांची धूळ सगळ्यांच्या डोक्यांवर पडली.

"ही मी नेतेय."

"ठेव ती," वाटिसोनी उभा राहिला.

"वाटिसोनी," बुबू म्हणाली, आणि त्या घरात त्या दिवशी तिचाच आवाज सगळ्यात मोठा होता, "तौवू नेते तेव्हा अडवत नाहीत. तुझा बापही अडवू शकला नसता. खाली बस."

तो बसला. बराच वेळ त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि मग त्याचे खांदे हलू लागले. हसतोय की रडतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"चोर ती चोरच," तो म्हणाला. "निदान पाण्यात भिजवू नकोस ती."

चटई गोणपाटात शिवून बुधवारच्या बोटीनं लाऊला गेली. बरोबर मॅडमची चिठ्ठी होती. 'उराया, ही चटई तुझ्या सासुरवाडीहून मी चोरली आहे. चोरीचा माल मी घरात ठेवत नाही. ज्याची त्याला पोचवायला तू ये. कुणी तुला बोलावलेलं नाही आणि तू कुणाच्या पाया पडायला येत नाहीस, फक्त चटई पोचवायला येतोयस. आता येतोच आहेस तर रिकाम्या हातानं येऊ नकोस, आणि सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी शाळा सुटायच्या आत पोच.'

फिलिमोनीला त्यांनी सगळं सांगितलं. "येतील की नाही मला माहीत नाही. आशा लावत नाही तुला." त्या संध्याकाळी गृहपाल सांगत आले की पोरानं एक दलो खाल्ला, मीठ लावून.

पुढच्या बुधवारी बोट आली, निरोप नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी बोटच आली नाही, इंजिन बिघडलं म्हणे. मॅडमनी दोन रात्री अंथरुणात कूस बदलण्यात काढल्या. वाटायचं, एका चुकीवर दुसरी चूक रचली. आता म्हातारीची चटईही गेली आणि पोरगंही जाणार. शुक्रवारी सकाळी फिलिमोनी पेटी बांधून खोलीच्या दाराशी उभा राहिला. दिल्या शब्दाला जागायचं म्हणून मॅडमनी अर्ज टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम," तो अंगठ्याकडे बघत म्हणाला, "दुपारपर्यंत वाट बघायची का?"

मॅडमनी टोपण लावलं. त्या मुलानं आठ महिन्यांत स्वतःहून काही मागितलं, ते हे पहिलंच.

बोट साडेबाराला नदीच्या मुखात शिरली. उराया उतरला तेव्हा त्याचा चेहरा मीठ लागून पांढरा झाला होता, आणि त्याच्यामागून त्याचे भाऊ, वहिन्या, एक म्हातारा चुलता, चटयांचे गठ्ठे, आहेराचे रॉकेलचे डबे असं सगळं वऱ्हाड उतरलं. इंजिन बिघडल्यावर त्यांनी शेजारच्या बेटावरची मासेमारीची बोट मागून घेतली होती. फिलिमोनीला बापानं तिथेच किनाऱ्यावर सालीच्या नक्षीदार कापडात गुंडाळलं. सोळा वर्षांचा उंचापुरा पोर. हे कापड चिमुरड्यांना पुरतं, याला गुडघ्यापर्यंतच आलं. वहिन्या हसल्या आणि तोही लाजून हसला.

वाटिसोनीच्या घरात चोरलेली चटई अंथरली गेली आणि फिलिमोनी तिच्यावर बसला. म्हाताऱ्या चुलत्यानं देवमाशाचा दात दोन्ही हातांवर घेऊन सांगितलं, तुमच्या लेकीचं तोंड आणलंय, उशीर झाला त्याबद्दल आमच्यावर रागवा, त्याच्यावर नको. दात वाटिसोनीपुढे आला. बापानं जो घेतला नव्हता तो त्यानं दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि बोलायला लागला, पण रीतीचे शब्दच त्याला आठवेनात. सगळे वाट बघत थांबले. म्हातारी केलेरा बुबू थांबली नाही. ती चटईवरून गुडघ्यांनी सरकत पोरापाशी गेली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याचा गाल हुंगला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि पुन्हा पहिल्या बाजूनं. मॅडम दाराशी बसल्या होत्या. त्या कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या टोकात तोंड घालून ढसाढसा रडल्या आणि त्यांना त्याची जराही लाज वाटली नाही.

त्या दुपारी पोरानं तीन ताटं संपवली. चौथं बुबूनं वाढलं ते मॅडमनी उचललं, तौवूच्या हक्कानं.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी मुन्सामी सर सरकारी अहवाल भरत बसले होते. "मॅडम, इथे विचारलंय, कोणती पद्धत वापरली. काय लिहू?"

"लिहा, चटई चोरली."

सरांनी 'कुटुंबाशी संपर्क' असं लिहिलं.

दुपारी मॅडमच्या खोलीत फिलिमोनी आला. काखेत पाय बांधलेला एक लाल कोंबडा होता. तो त्यानं टेबलाच्या पायाला अडकवला आणि न सांगता खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर आपण होऊन बसलेला पहिलाच विद्यार्थी.

"तुमच्यासाठी आहे. मामाचा."

"विचारलंस त्याला?"

"विचारायचं कशाला? घेतला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या चोरटीला द्यायचा होता तर लंगडा का नाही नेलास." बोलताना त्यानं त्यांच्याकडे बघितलं, अगदी डोळ्यांत नाही, पण हनुवटीपर्यंत तरी. "मॅडम, ती वही देता?"

मॅडमनी खणातून वही काढली. त्यानं आपलं पान शोधलं, पेन मागून घेतलं आणि रिकाम्या रकान्यात मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, नासोली. मग एकदा वाचून पाहिलं. कोंबडा टेबलाखाली ओरडत होता. मॅडमनी वही लगेच मिटली नाही, शाई वाळेपर्यंत दोघं तिच्याकडे बघत बसली.